माउंटन व्ह्यूचा वाचक

विनोदिनीबाईंनी संगणकावरचं क्रोशाचं झाकण काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि खुर्ची निहारिकाकडे सरकवली.

"बस. मी स्टुलावर बसते. मला आज एक पान असं लावून दे, की ते गूगलच्या शोधात येणार नाही. पण जो नेहमी येतो त्याला मात्र दिसलं पाहिजे."

निहारिकाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"कोण नेहमी येतं, काकू?"

"ते मग सांगते. आधी होतं की नाही ते बोल."

निहारिकाचं दुकान उज्जैनच्या देवास गेटला, बस स्टँडसमोरच्या गल्लीत. वेबसाइट बनवून देणं हा तिचा धंदा, आणि तिची बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे लॉजवाले, टॅक्सीवाले आणि अभिषेक सांगणारे गुरुजी. प्रत्येकाला एकच हवं असायचं. महाकालच्या दर्शनाला निघालेल्या माणसाने मोबाइलवर 'उज्जैन' एवढं टाइप केलं की पहिलं नाव आपलं यावं. त्या वेबसाइटींच्या हिशोबाने गावातला प्रत्येक लॉज मंदिरापासून पाच मिनिटांवर होता, रेल्वे फाटकापलीकडचेसुद्धा. अशा धंद्यात 'मला सापडू देऊ नकोस' म्हणणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

"होतं न," ती म्हणाली. "वर्डप्रेसमध्ये दोन तरीके आहेत. एक तर इथे टिक करून टाकायचं. मतलब गूगलला सांगायचं की बाबा, हे पान तुझ्या यादीत घेऊ नको. दुसरं म्हणजे पासवर्ड लावायचा. ज्याला दाखवायचं आहे त्याला पासवर्ड सांगून द्यायचा, बस."

"सांगायचा कसा?"

"फोन करून घ्या. नाही तर व्हॉट्सअ‍ॅप."

विनोदिनीबाईंनी मांडीवरच्या झाकणाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"मग ते पहिलंच कर," त्या म्हणाल्या.

ज्याला दाखवायचं होतं तो त्यांचा मुलगा, शैलेंद्र. त्याचं आणि त्यांचं बोलणं चार वर्षं बंद होतं. खरं म्हणजे त्याने बंद केलं होतं. त्यांनी कधीच केलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मधुकरराव पोतनीस सकाळी आंघोळीला गेले आणि बाहेर आले ते लोकांच्या हातांवर. शैलेंद्र कॅलिफोर्नियात, सनीवेलला. त्याने विमानतळावरून फोन केला, मी निघालो, मी येईपर्यंत थांबा. तीस तासांचा प्रवास होता. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता चक्रतीर्थावर सुमीतने, म्हणजे मोठ्या दिरांच्या मुलाने, अग्नी दिला. शैलेंद्र पोचला तो अस्थी वेचायला. राखेपाशी उभं राहून त्याने विचारलं, कोणी ठरवलं? मोठे दीर म्हणाले, मी ठरवलं, घरात मोठा मी आहे. शैलेंद्रने आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत राहिली. तेरावा होईपर्यंत तो थांबला आणि निघताना दारात एवढंच म्हणाला, "तू नुसतं 'थांबा' म्हणाली असतीस तरी पुरे होतं."

पण ठरवलं भाऊजींनी नव्हतंच. इस्पितळाने शीतपेटी देऊ केली होती. भाऊजी म्हणालेही होते, पोराला येऊ दे, रात्रभराचा तर प्रश्न आहे. विनोदिनीबाईंनी ती पेटी जाऊन पाहिली. वरती काचेचं झाकण, पायथ्याशी घरघरणारी मोटर. एकेचाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाला त्या पेटीत घालून आपण घरी येऊन पडायचं, हे त्यांना झेपलं नाही. त्या म्हणाल्या, नाही, आजच. एवढे दोन शब्द. भाऊजींनी तो आळ आपल्या अंगावर घेतला, कारण विधवा भावजयीला पोटच्या मुलासमोर आरोपीसारखं उभं राहावं लागू नये. आणि ते भले गृहस्थ मागच्या वर्षी तो आळ घेऊनच गेले.

हे सगळं विनोदिनीबाईंनी गेल्या आठ दिवसांत लिहून काढलं होतं. शैलेंद्रने ते वाचावं म्हणून लिहिलं होतं. नातेवाइकांनी वाचू नये, विशेषतः सुमीतने. आपल्या वडिलांनी खोटं बोलून चुलतभावाचं वैर आपल्या पदरात टाकलं, हे त्याला असं पडद्यावर कळलं तर कोणत्या तोंडाने त्याच्या घरी गणपतीला जायचं?

"काकू," निहारिका मान न वळवता म्हणाली, "टिक तर करते. पण ज्याच्यासाठी आहे तो वाचतो, हे पक्कं आहे न? नाही तर मेहनत फुकट."

"तूच तर ती यादी लावून दिलीस."

"कोणती?"

"कोण आलं, कुठून आलं, काय वाचलं. उघड. मी दाखवते."

विनोदिनीबाई एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होत्या. नकाशावर बोट ठेवायचं नाही, पेन्सिल ठेवायची, ही शिस्त त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि पडद्यावरच्या एका ओळीखाली धरली. तारीख, वेळ, आणि पुढे माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया.

"हा," त्या म्हणाल्या. "आणि हा. आणि हा बघ, परवाचा."

वेबसाइट अडीच वर्षांपूर्वीची. निवृत्तीनंतर रिकामपण खायला उठतं आणि नवऱ्यानंतर घर, तेव्हा माणूस भजनी मंडळात जातो नाही तर लिहायला बसतो. विनोदिनीबाईंना गाता येत नव्हतं. त्यांनी मधुकररावांवर लिहायला घेतलं. मधुकरराव जलप्रदाय विभागात सबइंजिनियर. पोतनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी होते, त्यांच्याकडे तिजोरीच्या किल्ल्या; मधुकररावांकडे नळाच्या चाव्या. आता उज्जैनच्या मे महिन्यात यांतली मोठी किल्ली कोणती, हे गावात कोणालाही विचारा. गंभीर नदीवरचं धरण आटलं की लोक ह्यांच्या दारात येऊन बसायचे. लोखंडी चावीचा लांब दांडा व्हॉल्व्हवर टेकवून दुसरं टोक ते कानाला लावायचे आणि रस्त्याखाली पाणी कुठे गळतंय ते सांगायचे. सिंहस्थात एकदा नऊ दिवस घरी आले नव्हते आणि दहाव्या दिवशी आले ते बादलीभर पाणी मागत. अशा गोष्टी. एकशे चाळीस पानं झाली होती.

पहिल्या दोन महिन्यांत यादीत उज्जैनशिवाय काही नव्हतं, आणि उज्जैन म्हणजे त्या स्वतःच. मग एका सकाळी ती ओळ दिसली. माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया. विनोदिनीबाईंनी शाळेचा जुना अॅटलास काढला, त्यात ते गाव नव्हतं. मग मोबाइलवर नकाशा काढला आणि अंतर पाहिलं. सनीवेलपासून सात किलोमीटर. माधव नगरच्या घरापासून राम घाटाला जाऊन यायला लागतं तेवढं. म्हणजे ऑफिस तिथे असणार.

"मी नवीन पान टाकलं की त्याच दिवशी येतो," त्या म्हणाल्या. "फार तर दुसऱ्या दिवशी. आणि वरवर चाळत नाही. जुनी पानं परत उघडतो. ह्यांचा धरणावरचा फोटो आहे ना, हेल्मेट घातलेला, तो दोनदा उघडला त्याने. ह्यांच्या वाढदिवसाचं पान तर त्या एका दिवसात तीन वेळा."

त्या बोलत होत्या त्यात अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. त्या यादीने त्यांना जगवलं होतं, हे सरळ सांगायला काय हरकत आहे? सकाळी देवाला दिवा लावून झाला की संगणकाचं झाकण निघायचं. ओळ दिसली तर दिवस चांगला. हळूहळू लिहिण्यातही फरक पडला. 'मधुकरराव असे करीत असत' होतं तिथे 'तुझे बाबा' येऊ लागलं. 'तुला आठवत असेल, आपल्या जुन्या क्वार्टरच्या मागे टाकी होती' अशी वाक्यं येऊ लागली. समोर माणूस बसला असता तरी इतकं निवांत त्यांना बोलता आलं नसतं.

निहारिकाचा हात माउसवरून केव्हाच निघाला होता.

"काकू, थोडा चहा ठेवता का?" ती म्हणाली.

"तू चहा पीत नाहीस."

"आज पिऊन घेते."

"निहारिका," विनोदिनीबाई म्हणाल्या. एकतीस वर्षं मुली त्यांच्यासमोर अशाच पाणी प्यायला जायची परवानगी मागत आल्या होत्या. "काय आहे ते बोल."

निहारिकाने त्या ओळीवर क्लिक केलं. ओळीखाली एक बारीक अक्षरांची पट्टी उघडली. विनोदिनीबाईंनी ती कधी उघडली नव्हती. शहराचं नाव दिसत असताना आणखी काय बघायचं?

"हा माणूस नाही, काकू," निहारिका म्हणाली. "हे गूगलचं मशीन आहे. बॉट म्हणतात. गूगलचं मेन ऑफिस माउंटन व्ह्यूला आहे, म्हणून हे कुठूनही आलं तरी नाव तेच दाखवतं. माझ्या सगळ्या लॉजवाल्यांच्या साइटवर पण हेच येतं. मीच तुम्हाला सांगायला हवं होतं. यादीतून बॉट काढून टाकायची एक सेटिंग असते, ती मी लावलीच नाही. सॉरी."

विनोदिनीबाईंनी पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळू लागली तशी पुन्हा धरली.

"पण मी पान टाकलं की लगेच येतो तो."

"तुम्ही पब्लिश दाबलं की वर्डप्रेस आपल्याआप एका यादीत त्या पानाचं नाव टाकतं. साइटमॅप म्हणतात त्याला. मशीन ती यादी बघत राहतं. नवीन दिसलं की येऊन वाचतं."

"आणि जुनी पानं?"

"काही बदललं का ते बघायला."

"फोटो?"

"फोटोसाठी दुसरं मशीन येतं."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

"वाढदिवसाच्या दिवशी तीनदा आला होता," त्या म्हणाल्या. आवाजात हट्ट होता, आणि हट्टाला आता काही आधार नाही हे त्यांनाही ऐकू येत होतं.

"त्या दिवशी तुम्ही पानात काही बदल केले होते?"

केले होते. आधी तारीख चुकली म्हणून, मग फोटो आडवा आला म्हणून, मग शेवटची ओळ फार रडवी वाटली म्हणून. तीनदा.

"वाचून काय करतं ते?" त्यांनी विचारलं.

"यादीत घेतं. कोणी शोधलं तर दाखवायला. पण सगळंच घेत नाही." निहारिकाने दुसरी एक खिडकी उघडली. तिला ती उघडायची नव्हती, पण आता अर्धं सांगून थांबण्यात अर्थ नव्हता. "हे बघा. तुमची एकशे चाळीस पानं आहेत. सगळी वाचली त्याने. यादीत घेतली अकरा."

"बाकीची?"

"वाचलं, पण घेतलं नाही, असं लिहितं. साइटला बाहेरून कोणी लिंक दिली असेल, लोक येत असतील, तर गूगलला वाटतं की हे कामाचं आहे. तुमच्या साइटला बाहेरून एक पण लिंक नाही."

विनोदिनीबाईंना शाळा तपासायला येणारे साहेब आठवले. सगळ्या वर्गांतून फिरायचे, सगळ्या वह्या उघडायचे, आणि शेऱ्यात लिहायचे ते मैदानाच्या कुंपणाबद्दल.

"म्हणजे शैलेंद्रने ह्यांचं नाव टाकून शोधलं असतं तरी..."

"मुश्किल होतं, काकू. मी आत्ता टाकून बघितलं. नागपूरचे एक डेंटिस्ट येतात."

"बरं," विनोदिनीबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आता तू ती टिक केलीस तर काय होईल?"

"तर गूगल हे पान घेणार नाही. आणि मशीन पण मग तिथे हळूहळू यायचं कमी होईल."

"म्हणजे मला अख्ख्या जगात एक वाचक, आणि त्याच्यापासूनच पान लपवायला मी तुला देवास गेटहून बोलावलं."

त्या हसल्या. निहारिकाला आपण हसावं की नाही ते कळेना. तिने बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली.

"मी वाचत जाईन न, काकू. मला मराठी वाचायला टाइम लागतो, घरी सगळं हिंदीच चालतं. पण वाचून घेईन."

"नको. कर्तव्य म्हणून नको वाचूस. त्याने तुझंही वाटोळं आणि माझंही."

"एक वाचलं आहे," निहारिका म्हणाली. "साइट टेस्ट करत होते तेव्हा. ते चावी कानाला लावून गळती सापडायची, ते सच्चीमध्ये होतं?"

"खरं आहे ते. पहाटे करायचे, रहदारी सुरू व्हायच्या आत. मी सोबत गेले होते एकदा. मलाही लाव म्हणाले दांडा कानाला."

"ऐकू आलं?"

"मला नुसती घरघर आली. त्यांना म्हटलं, सगळीकडे सारखाच आवाज येतोय. तर म्हणाले, सवय लागते."

निहारिका गेली तेव्हा साडेसात झाले होते. जाताना पान तसंच ठेवून गेली, लिहिलेलं पण न टाकलेलं. 'टाका' म्हणायचं एक निळं बटण तेवढं पडद्यावर उजवीकडे होतं. विनोदिनीबाईंनी संगणक बंद केला नाही आणि झाकणही घातलं नाही. भाकरीचं पीठ मळायला घेतलं, एकच भाकरी केली, ती तव्यावर करपली, ती तशीच खाल्ली. मग हात धुऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या.

आता वाईट कशाचं वाटत होतं ते नीट तपासलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. मुलगा वाचत नव्हता याचं? ते तर होतंच. चार वर्षं जो बोलत नाही तो वाचणार नाही, हे शहाण्या माणसाने धरूनच चालावं. त्याहून जास्त बोचत होतं ते वेगळंच होतं.

मधुकरराव गेल्यावर त्या दर रविवारी रात्री साडेआठला शैलेंद्रला फोन करायच्या. तिकडे तेव्हा रविवारची सकाळ. तो उचलायचा नाही. रिंग पूर्ण व्हायची, मग रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीत बोलायची, मग त्या फोन ठेवायच्या. दीड वर्ष एक रविवार चुकला नाही. ताप असतानाही केला होता. मग यादीत ती ओळ आली, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी फोन करणं सोडून दिलं. उगीच कशाला, वाचतोय ना तो, त्याच्या सवडीने येईल बोलायला. दुधाची तहान ताकावर भागवणारी माणसं असतात, त्यांचं एक ठीक असतं, त्यांना ताक म्हणजे ताक हे ठाऊक असतं. विनोदिनीबाईंनी तर ताकालाच दूध समजून गायच सोडून दिली होती. दोन वर्षं मुलाला फोन केला नव्हता, आणि त्यात आपण त्याला सोडलं असं त्यांना क्षणभरही वाटलं नव्हतं.

साडेआठला पाच मिनिटं कमी होती. वार गुरुवार. त्यांनी मोबाइल उचलला, चष्मा डोळ्यावर नीट केला आणि नंबर लावला. रिंग पूर्ण होईल, मग ती बाई बोलेल, हे धरूनच त्या बसल्या होत्या. त्या बाईचा आवाजसुद्धा ओळखीचा होता.

तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

"आज गुरुवार आहे," शैलेंद्र म्हणाला.

हॅलो नाही, आई नाही. मागून गाडीची घरघर येत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "गुरुवारच."

"काय झालं? बरी आहेस न तू?"

"बरी आहे. काही झालेलं नाही. गाडीत आहेस का?"

"ऑफिसला चाललोय."

"माउंटन व्ह्यूला?"

"नाही. माझं ऑफिस फ्रीमाँटला आहे. का?"

"असंच."

विनोदिनीबाईंना वाटलं, आता ठेवेल. चार वर्षांत मुलाचा आवाज जाड झाला होता, मधुकररावांचा चाळिशीत झाला होता तसा, आणि त्या आवाजाला नेमकं काय विचारायचं ते त्यांना सुचेना. खाल्लंस का, एवढं विचारलं. तो म्हणाला, खाल्लं.

"तुझी रिंग बंद झाली," मग तोच म्हणाला. "त्या दिवाळीनंतर. दोन-तीन रविवार मी बघितलं. मग सुमीतला फोन केला."

"सुमीतला?"

"दुसरं कोण होतं मला तिथे? त्याला म्हटलं, जाऊन बघून ये, आहे न. तो म्हणाला, आहे, कंप्यूटरवर काही तरी लिहीत बसते. तेव्हापासून करतो त्याला. महिन्याला एकदा."

"तो कधी बोलला नाही मला."

"मीच नको म्हटलं होतं."

सुमीत महिन्यातून एकदा यायचा खरा. नळ गळतोय का बघायचा, गॅसची नळी बघायचा, बसायचा नाही. त्याचं हे येणं म्हणजे चुलतीबद्दलची कणव, असं विनोदिनीबाई समजत होत्या आणि त्याला डब्यात लाडू घालून देत होत्या. ज्या सुमीतचं तोंड पाहायचं नाही म्हणून शैलेंद्र तेराव्याच्या जेवणाला पाठ करून बसला होता, त्या सुमीतला त्याने आपणहून फोन केला होता. तोही आईची एक रिंग आली नाही म्हणून. त्यांना उठून उभं राहावंसं वाटलं, त्या उभ्या राहिल्या, आणि मग उभं राहून काय करायचं ते कळेना म्हणून संगणकासमोर जाऊन बसल्या.

"काय लिहितेस?" शैलेंद्रने विचारलं.

"तुझ्या बाबांचं. नळ, धरण, असंच. एकशे चाळीस पानं झाली. इंटरनेटवर आहे." त्या थांबल्या. "तू बघितलं नसशील."

"नाही. मला कोणी सांगितलंच नाही."

"नाही. मीही नाही सांगितलं."

पुन्हा गाडीची घरघर. कुणीतरी मागून हॉर्न दिला, तो विरला. विनोदिनीबाईंनी माउस हलवला तसा झोपी गेलेला पडदा उजळला आणि पान समोर आलं. वर शीर्षक नव्हतं. ते काय द्यावं हे आठ दिवस सुचलं नव्हतं.

"आज एक लिहिलंय, शैलू," त्या म्हणाल्या. "ते कुठे टाकणार नाही. तुला वाचून दाखवू?"

"बाबांचं?"

"त्या दिवसाचं. तू विचारलंस ना तेव्हा, कोणी ठरवलं. तर भाऊजी म्हणाले ते तसं नव्हतं."

त्यांनी मोबाइल कानाला जास्त घट्ट धरला. ठेवला की काय म्हणून एकदा पडद्यावर बघितलं; सेकंद पुढे सरकत होते.

"थांब," शैलेंद्र म्हणाला. "एक मिनिट थांब, आई. मी गाडी बाजूला घेतो."

तिकडे इंडिकेटरची टकटक सुरू झाली. विनोदिनीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि तो सांगेपर्यंत थांबल्या.